वेणूचा वेल आणि मोंबासाचे जहाज

माझी पत्नी वेणू नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता वारली. मी शाळेत होतो. आठवीला भूगोल चालू होता. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "मास्तर, घरी चला." मी खडू ठेवला आणि गेलो.

आमची एकुलती मुलगी शालू मोंबासाला असते. जावई तिथल्या रेल्वेत आहेत. तार तिला दुसऱ्या दिवशी पोचली, पण जहाजाला नऊ दिवस लागतात, म्हणून ती आली नाही. दोन महिन्यांनी तिचे पत्र आले. "बाबा, उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे या. न्हाणीमागच्या आईच्या वेलाची एक कांडी आणा. दुसरे काही आणू नका."

आमचे माहीम म्हणजे केळव्याशेजारचे, पानमळ्यांचे माहीम. वेणू पानमळेवाल्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरचा एक वेल आणून आमच्या न्हाणीमागच्या पोफळीवर चढवला. अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी त्याला जायचे. रोज जेवण झाले की ती दोन पाने खुडून आणी, एक तिचे, एक माझे. सत्तावीस वर्षांत त्या वेलाला मी एक तांब्याही पाणी घातले नव्हते. ती गेल्यावर मी विहिरीवर अंघोळ करू लागलो आणि एका ताटलीत जेवू लागलो. न्हाणीचे पाणी बंद झाले, हे माझ्या ध्यानात आले नाही. शालूचे पत्र वाचून मागे गेलो, तेव्हा पोफळीवर दोरखंडासारखा वाळलेला वेल होता आणि त्याचा एकच फाटा हिरवा होता.

निघायच्या आठवड्यात मेहुणा गोविंद मळ्यातून आला आणि वेलाकडे पाहत बराच वेळ उभा राहिला.

"भावजी, तुमी एवढी पुस्तकं वाचता," तो म्हणाला. "झाडाला तहान लागते ह्ये कुठल्या पुस्तकात नाय?"

त्याने त्या फाट्याच्या तीन कांड्या केल्या. एक स्वतःकडे ठेवली. "पन चैत्राचं ऊन हाय, भरवसा देत नाय," म्हणाला. उरलेल्या दोन कांड्या केळीच्या खोडाच्या सोलपटात माती भरून लावल्या आणि वर सुंभ गुंडाळला. तान्ह्या मुलाला दुपट्यात बांधावे तसे ते गाठोडे दिसत होते.

"ऊन दाखवायचं नाय. खारं पानी लागू द्यायचं नाय. पारोशानं हात लावायचा नाय."

"आणि वहाणा?"

"वहानांचं काय सांगायचं? वेलाजवळ वहाना घालून कोन जातं?"

एकूण, वेणूच्या वेलाचे जे काही जगात उरले होते त्यातले दोन तृतीयांश माझ्या मांडीवर होते, आणि मी खाऱ्या पाण्यातून नऊ दिवस प्रवासाला निघालो होतो.

मुंबई बंदर

पासपोर्ट, टोचणी आणि परवान्यांच्या कागदांबद्दल लिहीत नाही. त्यात महिना गेला आणि दंड सुजला, एवढे पुरे. जहाजाबद्दल लिहितो. माझे तिकीट बंक वर्गाचे होते. बंक वर्ग म्हणजे जहाजाच्या पोटातली एक लांब खोली आणि तिच्यात गोदामातल्या फळ्यांप्रमाणे एकावर एक लोखंडी खाटा. बायकांची खोली वेगळी. दिवसभर सगळे वरच्या डेकवर एकत्र बसतात, कारण खाली उकडते.

माझ्या शेजारी जगजीवनभाई होते. मूळचे काठेवाडचे, मुंबईत वाढलेले, मोंबासाला किराणा मालाचे दुकान. अंगाने भरदार, तोंडात पान. त्यांचा हा नववा फेरा होता आणि त्यांनी ते मला जिना उतरतानाच सांगितले.

"मास्तरसाहेब, पहिली वखत हाय ना? मग माझं ऐका. वरचा बंक घ्या. वरती हवा असते. नि पहिला दिवस काय बी खायाचा नाय. पोट खाली, तर उलटी कशाची येनार?"

मी दोन्ही गोष्टी ऐकल्या. पुढे जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो: वरच्या बंकवर हवा नसते. तिथे एक नळ असतो, त्यातून गरम वाफ जाते, आणि जहाज कलले की त्याच्या सांध्यावर कपाळ आपटते. खालचा बंक घ्यावा, तोही खोलीच्या मधोमध. टोकाचे बंक झोपाळ्यासारखे वरखाली होतात. जगजीवनभाईंनी मला वर पाठवून स्वतः मधला, खालचा बंक घेतला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

उपवासाबद्दल पुढे सांगतो.

वेलाचे गाठोडे मी खालच्या एका खांबाला बांधले. तिथे गोल खिडकीतून उजेड येत होता, ऊन येत नव्हते. मग चपला काढून चार हात लांब ठेवल्या.

"हे काय?" जगजीवनभाईंनी विचारले.

मी पानवेल आहे म्हणून सांगितले. त्यांचे चघळणे थांबले.

"कुठला?"

"माहीमचा."

त्यांनी दोन्ही हात जोडले. नंतर वाकून, दोन कांड्यांवर मिळून पाच पाने आहेत, हे मोजले. त्या मोजण्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवे होते.

पहिले तीन दिवस

रिकामे पोट आणि समुद्र यांचे कसे जमते, हे मला दुसऱ्या दिवशी पहाटे समजले. मी किनाऱ्यावर जन्मलो, घराच्या ओट्यावरून रोज समुद्र पाहिला, म्हणून मला काही होणार नाही असे मी शाळेत सर्वांना सांगून आलो होतो. मी डेकवर गेलो, कठड्याला दोन्ही हातांनी धरले आणि तसाच खाली बसलो.

"कुठला रे तू?" शेजारून बाईचा आवाज आला.

"माहीमचा. पालघरकडचा."

"अगो बाय! आनि मी तारापूरची. दर्या तुझ्या दारात, नि तू असा पडलास?"

"मी तो दारातूनच पाहिला आहे," मी म्हणालो.

ती हसली. ती जानकीबाय. तारापूरच्या मांगेलवाड्यातली, मासेमारांच्या घरची, पन्नाशीची. अंबाड्यात अबोलीची वेणी आणि मांडीवर पत्र्याचा डबा. मुलगा मोंबासाच्या गोदीत बोटींची इंजिने दुरुस्त करतो, त्याच्याकडे निघाली होती. तिच्या बोलण्यात 'तुम्ही' हा शब्दच नव्हता. कप्तानालाही ती 'तू'च म्हणे.

तिने डबा उघडला. घरून भाजून आणलेले सुके बोंबील होते. शेजारचे चौघे उठून गेले.

"खा."

"आता नको. पोटात..."

"पोट रिकामं ठेवलं की दर्या आत शिरतो. भरून टाक, म्हंजे त्याला जागा नाय. आनि खाली बघू नकोस. लांब, आभाळ टेकलंय तिथं बघ."

मी एक बोंबील खाल्ला. मग भाकरीचा तुकडा, मग आणखी एक बोंबील. दुपारी मी उभा राहू शकलो. जहाजावरच्या डॉक्टरांच्या गोळ्याही मिळतात, पण त्यांनी नुसती झोप येते. माझा सल्ला असा: पहिल्या दिवसापासून थोडे थोडे कोरडे खावे, उघड्यावर बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, आणि जगजीवनभाईंच्या वयाच्या अनुभवी प्रवाशाचे ऐकू नये. ते स्वतः तीन दिवस बंकवर पडून होते. बोंबलाचे नाव काढले की भिंतीकडे तोंड करत.

जानकीबायने मला तारापूरच्या बातम्याही सांगितल्या. तिथे अणुवीज केंद्राचे काम चालू आहे आणि गोरे साहेब बायकामुलांसह राहायला आले आहेत. "त्येंच्या बायका बाजारात येतात. सुके बोंबील बघून नाक दाबतात, नि सुकी सुंगटं, म्हंजे कोलंबी, पिशवी भरून नेतात. म्हनतात मांजराला. मांजर कुठाय मी बघितलं नाय अजून."

जहाजावर गोडे पाणी मोजून मिळते. पिण्याचे पाणी सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी, रांगेत. अंघोळीच्या नळाला समुद्राचे पाणी. साबणाचा फेस होत नाही, अंग चिकट राहते आणि धुतलेले धोतर वाळले की पापडासारखे उभे राहते. पण माझी अडचण वेगळी होती. वेलाला पाणी घालायचे तर अंघोळ हवी. खाऱ्या पाण्याची अंघोळ ही अंघोळ धरायची की नाही? दोन दिवस मी प्यायच्या पाण्यातून अर्धा तांब्या वाचवून तेवढ्यातच हातपाय धूत होतो आणि उरलेले वेलाला घालत होतो. स्वतःला प्यायला फारसे उरत नव्हते.

हे मी जानकीबायला बोलून दाखवले. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दर्याच्या पान्यानं आंगोळ होत नाय? मग आमी काय जलमभर पारोशीच?"

डेकवरच्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. तिसऱ्या दिवसापासून मी समुद्राच्या पाण्याने अंघोळ करू लागलो.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी सकाळी खाली उतरलो तेव्हा माझ्या चपलांशेजारी आणखी अकरा जोड ओळीने ठेवलेले होते.

झाले होते ते असे. खांबाजवळ कोणी चपला घालून जाऊ नये, असे मी शेजारच्या दोघांना विनवले होते. त्यांनी पुढच्यांना सांगितले. पुढच्यांनी कारण विचारले नाही. गाठोडे हिरवे, सुंभाने बांधलेले, समोर रोज एक मास्तर अंघोळ करून पाणी घालतो आहे. लोक समजायचे ते समजले. संध्याकाळी सुंभावर कुंकवाचे बोट होते. समोर एक केळे आणि चार बत्तासे होते.

"हा देव नाही," मी जमलेल्यांना सांगितले. "हा खायच्या पानांचा वेल आहे."

"मास्तर बहु नम्र हाय," जगजीवनभाई उठून बसत म्हणाले. त्यांनी बत्तासा उचलला. अंथरुणावर पडल्यापासूनचे त्यांचे ते पहिले अन्न.

रोज सकाळी एक अधिकारी खोलीची तपासणी करायला येई. तरणा, पांढऱ्या गणवेशातला, पांढरे बूट. तो चपलांच्या ओळीशी थांबला. शंभर माणसे त्याच्या बुटांकडे पाहत होती. त्याने आधी गाठोड्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. तो एका पायावर उभा राहिला, बूट काढला, दुसराही काढला, मोज्यांनी चार पावले पुढे आला, तपासणी केली आणि बूट हातात घेऊन गेला. माहीमच्या मळ्यात तालुक्याचा साहेब आला तरी बांधावर बूट काढतो. पण इथे, अरबी समुद्राच्या मध्यावर, ते पाहून मला घामच फुटला.

वेणूला हे सांगायला हवे, असे मला वाटले. मग आठवले. अशी आठवण दिवसातून तीन-चार वेळा होई. मी सोबत चार पुस्तके नेली होती. नऊ दिवसांत एकाची सतरा पाने झाली.

जहाजावरचे घड्याळ रोज थोडे थोडे मागे करतात. मोंबासा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. सहप्रवासी भुकेच्या वेळा चुकतात म्हणून कुरकुर करत. मला अडीच तास जास्तीचे मिळाले. त्यांचे काय करावे हे मला समजले नाही.

त्याच दिवशी दुपारी जगजीवनभाईंची पाने संपली. संपली म्हणजे सडली. ती ओली राहावीत म्हणून त्यांनी फडके नळाखाली धरले होते, आणि नळ होता समुद्राचा. नऊ फेऱ्यांचा माणूस. त्यांनी काळी पडलेली चवड मला दाखवली तेव्हा डोळ्यांत खरोखर पाणी होते.

"मास्तरसाहेब," संध्याकाळी ते माझ्या बंकपाशी आले. "एक पान."

"नाही."

"आख्खा नाय. आर्धा."

"जगजीवनभाई, ती माझ्या बायकोची पाने आहेत."

त्यांना वेणूचे काही ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "मग मोंबासाला आल्या तर भाभींना मी हात जोडून सांगेन, गुन्हा माझा."

"ती वारली," मी म्हणालो. "नोव्हेंबरात."

ते आपल्या बंकवर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी पान मागितले नाही. फक्त जेवणानंतर ते खांबाजवळ अनवाणी येत, पाच पानांकडे पाहत आणि नुसती सुपारी चघळत.

विषुववृत्त

विषुववृत्त ओलांडताना जहाजावर एक समारंभ असतो. मी ते भूगोलात अनेक वर्षे शिकवले आहे, पण त्या रेषेपाशी माणसांना बादल्यांनी भिजवतात हे कोणत्याही पाठात नाही. खलाशांपैकी कोणी समुद्राचा राजा होतो, सुंभाची दाढी लावतो, हातात त्रिशूळ घेतो आणि पहिल्यांदा रेषा ओलांडणाऱ्यांना न्हाऊ घालतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो. इथे समुद्र बादली परत देतो.

खाली फारच उकडत होते, म्हणून त्या सकाळी मी वेल डेकवर आणून एका ताडपत्रीच्या सावलीत ठेवला होता. हे मी केले. दुसऱ्या कोणी नाही.

राजा आला. आमचा तोच पांढऱ्या बुटांचा अधिकारी, दाढीमुळे आधी ओळखू आला नाही. पायांत बूट नव्हते. त्याने पहिल्यांदा रेषा ओलांडणाऱ्या सर्वांना उभे केले. जगजीवनभाई नववा फेरा असूनही गर्दीत पुढे होते. त्यांना सगळे पुढून पाहायचे होते. राजाने बादली उचलली, जगजीवनभाई खाली वाकले, आणि बादलीभर समुद्र त्यांच्या पाठीवरून जाऊन ताडपत्रीखाली पडला.

मी पाहिले. सुंभ काळा झाला होता. सोलपटातून खारे पाणी टपकत होते. वेणूचे उरलेसुरले सगळे आता एका बादलीत गेले, असे वाटले.

"बघत काय बसलास?" जानकीबाय माझ्या अंगावर ओरडली. "गोडं पानी आन! जाळं खारावलं की काय करतो आमी? धुतो! धू त्येला!"

"गोडे पाणी संध्याकाळी..."

"संध्याकाळी मरंल त्ये! अगो ऐका गं! ज्येच्या त्येच्या तांब्यातलं आना! मास्तराचा देव खारावलाय!"

तो देव नाही, हे मी त्या वेळी सांगितले नाही.

लोक धावले. तांबे, फुलपात्रे, थर्मास, एका बाळाची दुधाची बाटली. दिवसभराचे प्यायचे पाणी लोकांनी आणले आणि चपला काढून ओतले. जगजीवनभाई भिजल्या अंगाने स्वतःचा पाण्याचा कूजा घेऊन आले. जानकीबायने सोलपट तिरपे धरले आणि माती धुऊन काढायला सुरुवात केली. हिसक्याने एका कांडीचा शेंडा मोडला, दोन पानांसकट. तिने तो बाजूला ठेवला.

तेवढ्यात राजा आला. त्याच्या हातात दोन बादल्या होत्या, कप्तानाच्या टाकीतल्या, गोड्या पाण्याच्या. त्याने काही विचारले नाही. दाढी एका कानावरून लोंबत होती. तो गुडघे टेकून बसला आणि तांब्या तांब्या पाणी घालू लागला.

"थोडं थोडं ओत," जानकीबाय त्याला म्हणाली. "आंग धुवायचंय, बुडवायचं नाय."

"हां जी," समुद्राचा राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक कांडी काळी पडली. दुसरीची पाने गळली, पण पेरावरच्या डोळ्यापाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. मी तो चष्म्याने पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. दूरच्या प्रवासात चष्म्याला दोरी बांधावी. माझा त्या दिवशी दोनदा पडला.

गळलेली पाने मी उचलली. खारावलेली, कडेने करपलेली तीन पाने. मी जगजीवनभाईंकडे गेलो.

"घ्या," मी म्हणालो.

त्यांनी डबी काढली. चुना लावला, कात घातला, सुपारी कातरली. त्यांचे हात देवपूजेला बसल्यासारखे सावकाश चालत होते. विडा झाल्यावर त्यांनी त्याचे दोन भाग केले आणि एक माझ्यासमोर धरला. नोव्हेंबरानंतर मी पान खाल्ले नव्हते. मी तोंडात घातले.

बराच वेळ आम्ही चघळत बसलो.

"जरा खारा हाय," जगजीवनभाई म्हणाले. "पन माहीमचा हाय."

सेशेल्स ते मोंबासा

सेशेल्सला जहाज थांबले. हिरवे डोंगर, लाल छपरे, आणि आपल्या केळव्यासारखीच माडांची रांग. जानकीबाय होडीतून उतरून थेट मासळीबाजारात गेली. परत आल्यावर म्हणाली, "मासे मोठे. पन पापलेट नाय. कसे राहतात ही मानसं?" मी दोन बाटल्या गोडे पाणी भरून घेतले. बंदरात होडी मिळाली तर प्रवाशाने अवश्य उतरावे. पाच-सहा दिवसांनी पायाखालची जमीन हलत नाही याचा किती आनंद होतो, हे आधी सांगून कळत नाही.

पुढच्या तीन दिवसांत जानकीबायच्या अंबाड्यात अबोलीऐवजी वेलाची दोन पाने दिसू लागली. मोडलेला तो शेंडा तिने खोवला होता. भोवती ओली चिंधी. "डोकं गार राहतं," म्हणाली. मला ते पाहवत नसे. खाण्याचे पान कोणी डोक्यात घालते का? वेणूने पाहिले असते तर तिने काय म्हटले असते? पण या बाईने वेल वाचवला होता, म्हणून मी गप्प राहिलो.

मोंबासाच्या आदल्या दिवशी सर्वांना छापील अर्ज दिले. सोबत अन्न, प्राणी, झाडे आहेत काय? मी रिकाम्या ओळीत लिहिले: पानवेल, कांड्या दोन, पैकी एक मृत, एक जिवंत, डोळा फुटलेला, माहीम येथील मातीसह, केळीच्या सोलपटात. अक्षर मी चांगले काढले होते. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूलाही लिहिले.

जगजीवनभाईंनी माझ्या खांद्यावरून वाचले आणि कपाळावर हात मारला. "मास्तर! 'नाय' लिवायचा असतो!"

"पण आहे ना."

"हाय म्हनूनच तर 'नाय' लिवायचा!"

त्यांची ही एकच सूचना मी ऐकली नाही.

मोंबासाच्या गोदीत टेबलामागे एक उंच, शांत केनियन अधिकारी होता. त्याने माझा अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मग गाठोडे सोडवले. तो त्या हिरव्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत राहिला. नंतर इंग्रजीत, मला दुखवू नये अशा आवाजात म्हणाला, की परदेशची माती आत नेता येत नाही, आणि कागदपत्रांशिवाय रोपही नाही. मी ते माझ्या पत्नीचे आहे असे सांगितले. तो म्हणाला, मला वाईट वाटते. त्याला खरेच वाईट वाटत होते. त्याने सोलपट उचलून बाजूच्या डब्यात ठेवले. टाकले नाही, ठेवले.

मी पुढे सरकलो. माझ्या हातांना एकदम काही काम उरले नाही.

माझ्यामागे जानकीबाय होती. अधिकाऱ्याने तिचा बोंबलाचा डबा उघडला आणि लगेच मिटला. मग त्याची नजर तिच्या अंबाड्यावर गेली. पानांवर. तो माझ्याकडे पाहू लागला. मी दरवाजाशी उभा होतो. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिले.

"फ्लॉवर?" त्याने विचारले.

"फ्लावर," जानकीबाय म्हणाली. तिला येणारा तो एवढाच इंग्रजी शब्द होता.

त्याने खूप वेळ काहीतरी लिहिले आणि शिक्का मारला.

बाहेर शालू उभी होती. पाच वर्षांनी पाहिले. ती आईसारखी उभी राहू लागली होती, एका पायावर भार देऊन. तिने माझ्या पाया पडल्यावर आधी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले. सत्तावीस वर्षांच्या त्या वेलाला मीच पाणी घातले नाही, हे कुठून सुरू करायचे?

"ह्यो मास्तर लिवतो लय," मागून जानकीबाय म्हणाली. मुलगा तिचे गाठोडे उचलून तिच्यामागे येत होता. तिने तिथेच, रस्त्यात, अंबाडा सोडला. केस कमरेपर्यंत खाली आले. चिंधी उलगडली. आत शेंडा होता, दोन पाने, आणि पेराखाली दोऱ्याएवढ्या दोन पांढऱ्या मुळ्या.

"घे पोरी. तुझ्या आयेचं. नि वहाना काढ आधी, तुझा बाप मला ओरडंल."

शालूने भर रस्त्यात चपला काढल्या. तिने तो शेंडा ओंजळीत घेतला आणि मग ती रडली. आईसाठी तिला रडताना मी प्रथमच पाहिले, कारण नोव्हेंबरात आमच्यामध्ये समुद्र होता. मीही तेव्हाच रडलो. जगजीवनभाई हमालाशी भांडायचे थांबले आणि टोपी काढून उभे राहिले.

माहीम

येताना पावसाळ्याने समुद्र खवळला होता. मी खालचा, मधला बंक घेतला, पहिल्या दिवसापासून जेवलो आणि मला काही झाले नाही.

गोविंदकडची कांडी मे महिन्यातच वाळली होती. "सांगितलं हुतं ना भावजी, भरवसा नाय," तो म्हणाला आणि मळ्यात निघून गेला.

जगजीवनभाई दर रविवारी शालूकडे येतात, दारात बूट काढतात आणि वेल पाहून जातात, असे ती लिहिते. जानकीबाय तारापूरला परतली आहे. भेटली की माझ्याकडून कागद वाचून घेते आणि कुठे काय लिहू नये ते मला सांगते.

न्हाणीमागे आता पोफळ आहे, तिच्यावर वेल नाही. वेल मोंबासाला शालूच्या मोरीमागे आहे आणि त्याला चौदा पाने आहेत. मी पुन्हा न्हाणीत अंघोळ करतो. मागे जाताना वहाणा बाहेर काढून ठेवतो.